आयर्विन पुलाची पातळी आणि परदेशी अभ्यासक्रम

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका मुख्याध्यापिकाबाईंचा प्रश्न आला आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, राज्य मंडळाची. बहुतेक मुलांच्या घरी मराठी. संस्थाचालकांना पहिली ते पाचवीला आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आणायचा आहे. इंग्लंडमधल्या केम्ब्रिजचा घ्यायचा की जिनिव्हाच्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, म्हणजे आयबीचा, हे अजून ठरलेलं नाही. बाईंनी विचारलं आहे ते वेगळंच, आणि जास्त नेमकं: बाहेर तयार झालेलं हे सगळं आमच्या मुलांना, आमच्या शिक्षकांना बसेल असं करायचं म्हणजे नक्की काय करायचं? पुस्तकातल्या सफरचंदाच्या जागी आंबा घालायचा, एवढंच का?

बाई, आंबा घालणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम, आणि खरं सांगायचं तर ते नाही केलं तरी चालतं. आपली मुलं सफरचंद रोज बाजारात बघतात. अडचण सफरचंदाची नसतेच.

मी सात वर्षं पुण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत शिकवलं. पुढची पंधरा-सोळा वर्षं आधी आयबीच्या प्राथमिक कार्यक्रमाची समन्वयक म्हणून आणि मग एका केम्ब्रिज शाळेत काढली. दोन्हीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. हे अभ्यासक्रम शाळेच्या हातात एक रिकामी जागा ठेवतात, आणि शाळा त्या जागेला घाबरते. घाबरणं साहजिकच आहे. १९६७ साली बालभारती आली तेव्हापासून आपल्याकडे जूनमध्ये पुस्तक हातात पडतं आणि मार्चपर्यंत ते संपवायचं असतं. पुस्तक म्हणजेच अभ्यासक्रम, अशी आपल्या दोन पिढ्यांची सवय. आयबीच्या प्राथमिक कार्यक्रमात, ज्याला सगळे पीवायपी म्हणतात, पुस्तकच नाही. सहा मोठे विषय आहेत: आपण कोण आहोत, स्थळकाळात आपण कुठे आहोत, आपण स्वतःला कसं व्यक्त करतो, जग कसं चालतं, आपण आपली व्यवस्था कशी लावतो, आणि पृथ्वी वाटून कशी घ्यायची. त्याखाली कोणत्या इयत्तेत काय घ्यायचं ते शाळेनं लिहायचं. केम्ब्रिज त्यामानानं हात धरून नेतं. इंग्रजी, गणित, विज्ञान अशा विषयांची उद्दिष्टं इयत्तेप्रमाणे एकेका वाक्यात दिलेली असतात. पण ती उद्दिष्टं कशाच्या आधारानं शिकवायची, हे तिथेही शाळेवरच. अमुक एका प्रकाशनाचं पुस्तक घ्या, अशी सक्ती नाही.

मग शाळा काय करते? परदेशी प्रकाशकाचा संच विकत घेते आणि पान एकपासून सुरुवात करते. बालभारती गेली आणि तिच्या जागी महागडी बालभारती आली, एवढाच बदल होतो. पालक सभेत मात्र सगळं आंतरराष्ट्रीय.

आम्हीही पहिल्या वर्षी हेच केलं, म्हणून हे अधिकारानं सांगते. दुसऱ्या एका शाळेचा वर्षाचा आराखडा मागून आणला आणि तसाच्या तसा राबवला. तिसरीला ‘जगातली घरं’ असं एक युनिट, म्हणजे एकाच विषयाभोवती काही आठवडे चालणारा अभ्यास, होतं. इग्लू, आल्प्समधली उतरत्या छपरांची लाकडी घरं, पाण्यात खांबांवर उभी केलेली घरं. मुलांनी कापूस आणि थर्माकोल चिकटवून छान तक्ता केला. त्यात एक मुलगा होता, त्याच्या आजोबांचा सदाशिव पेठेतला वाडा नुकताच बिल्डरकडे गेला होता. तो फोटो घेऊन आला आणि म्हणाला, “बाई, आमचा वाडा यात कुठे चिकटवू?” तक्त्यावर त्याला रकाना नव्हता. मी फोटो कोपऱ्यात लावायला सांगितला. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

पुढच्या वर्षी आम्ही वाड्यापासून सुरुवात केली. चौक मध्ये का असतो, माजघर थंड का राहतं, एका वाड्यात पंधरा बिऱ्हाडं कशी राहायची, नळ एकच असला की भांडणं कशी व्हायची आणि मिटायची कशी, भाडं तीस-चाळीस रुपयांवर का थांबलं, आणि मालकाला वाडा दुरुस्त करण्यापेक्षा पाडणं का परवडलं. आठ वर्षांच्या मुलांना पागडी, म्हणजे भाड्यानं राहायला येताना मालकाला द्यायची रक्कम, समजते का? समजते, आजीनं सांगितली तर. हवामान, बांधकामाचं साहित्य, कुटुंब, कायदा, सगळं एका वाड्यात सापडलं. इग्लू शेवटच्या आठवड्यात आला आणि दोन तासांत झाला, कारण ‘जे हाताशी असतं त्याचंच माणूस घर बांधतो’ हे मुलांना आधीच कळलं होतं. आयबीच्या भाषेत याला केंद्रीय कल्पना म्हणतात. ती आम्ही उतरवून घेतली नव्हती, शोधली होती, त्यामुळे ती शिक्षकांनाही समजली होती.

आता आंब्याच्या पुढचं. काही वेळा उदाहरण बदलून भागत नाही, कारण पुस्तकातलं म्हणणंच आपल्या जागी खरं नसतं. सावली घ्या. इंग्लंडच्या मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात चित्र असतं: दुपारी बारा वाजता सूर्य दक्षिणेला, सावली उत्तरेला, आणि उन्हाळ्यात ती जरा आखूड. लंडनला हे बाराही महिने खरं. सांगली मात्र सतराव्या अक्षांशाच्या जवळ आहे. तिथे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात माध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेला पडते. आमच्याकडे चौथीच्या एका मुलीनं जूनमध्ये मैदानात काठी रोवून हे पाहिलं आणि शिक्षिकेनं तिला सांगितलं, “पुन्हा बघ, तुझं चुकलं असेल.” मुलीचं बरोबर होतं, पुस्तक लंडनचं होतं. गंमत अशी की शून्य सावलीचे दोन्ही दिवस शाळेला सोयीचे नाहीत. मेमध्ये सुट्टी असते आणि ऑगस्टमध्ये ढग. म्हणून आम्ही मेचा दिवस सुट्टीतला अभ्यास म्हणून द्यायला लागलो: गच्चीवर एक बाटली उभी ठेवा, बारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा. त्या वर्षी पालकांचे जितके फोन आले तितके एरवी प्रवेशाच्या वेळीही येत नाहीत.

ऋतूंचंही तेच. चार ऋतू, पानगळ शरदात. आपला पळस हिवाळा सरताना निष्पर्ण होतो आणि लगेच उघड्या फांद्यांवर फुलतो. ‘झाड पानं का गाळतं’ हा प्रश्न अभ्यासक्रमाचा. त्याचं उत्तर थंडी नसून पाणी वाचवणं आहे, हे आपल्या माळावर जास्त चांगलं दिसतं. म्हणजे स्थानिक उदाहरण घेतल्यानं अभ्यासक्रम पातळ होतो, ही भीती काढून टाका. अनेकदा तो घट्ट होतो.

तुमच्या गावासाठी म्हणून एक युनिट इथेच मांडून दाखवते. ‘जग कसं चालतं’ या विषयाखाली पाचवीला घ्या: कृष्णेचा पूर. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडे लहान मूलसुद्धा सकाळी विचारतं, “आयर्विनला किती फूट?” सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात, चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीस फुटांवर धोका. २००५ आणि २०१९ चे पूर घराघरात आठवणीत आहेत. आता बघा, यातून काय काय निघतं. रोजची पातळी वहीत लिहा आणि रेषालेख काढा. हे केम्ब्रिजच्या गणितातलं उद्दिष्ट आहे, मुद्दाम शोधायला नको. पातळी फुटात आणि पुस्तक मीटरमध्ये, म्हणून एकक बदलणं आलं. त्याच दिवशी कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते वर्तमानपत्रात असतं. ते पाणी सांगलीला पोचायला वेळ लागतो, म्हणून दोन आलेखांची शिखरं एका दिवशी येत नाहीत. का नाहीत? हा प्रश्न मुलांनी विचारला की विज्ञान सुरू झालं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात पाणी अडवल्यामुळे आपल्याकडे पूर येतो, ही तक्रार घरी ऐकलेली असतेच. वडील एक सांगतात, बातमीत दुसरं असतं, शेजारचे काका तिसरं. ‘दृष्टिकोन’ ही पीवायपीची एक मूळ संकल्पना; ती शिकवायला अलमट्टीइतकं चांगलं साहित्य जिनिव्हाहून कोणी पाठवणार नाही. मग हरिपूरची पेवं घ्या. हळद साठवायला जमिनीत खोदलेली ती कोठारं २००५ च्या पुरानं बहुतेक निकामी केली. पुरानं फक्त घरं जात नाहीत, साठवणीची एक पद्धतच जाते, हे मुलांना तिथे उभं राहून कळेल. जमलं तर एखाद्या जुन्या व्यापाऱ्याला वर्गात बोलवा. मराठीत बोलू द्या.

‘आपण स्वतःला कसं व्यक्त करतो’ यासाठी तर सांगलीला शोधायलाच नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग तिथेच केला. आणि तरीही मी एका शाळेत या विषयाखाली पाच आठवडे ऑपेरा आणि बॅले बघितला आहे, व्हिडिओवर.

स्थानिक म्हटलं की बऱ्याच शाळांना फेटे, लेझीम आणि पुरणपोळीच आठवते. वर्षातून एक दिवस महाराष्ट्र दिन, एक दिवस मराठी भाषा दिन, आणि उरलेले दिवस पुस्तक. याचा उपयोग फोटोला होतो. मुलाच्या विचारात गाव येण्यासाठी गाव गुरुवारी दुपारी गणिताच्या तासाला यावं लागतं.

गणिताबद्दल एक इशारा, कारण इथे ठेच हमखास लागते. पुस्तकात स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर असतो: १००,०००. घरी, बँकेत आणि वर्तमानपत्रात १,००,०००. दोन्ही शिकवावं लागतं आणि दोन्ही एकाच आठवड्यात शिकवू नये. आम्ही आधी लाख-कोटी पक्कं करायचो, मग मिलियन. शिवाय आपल्याकडे संख्येचं नाव उलट चालतं. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो, म्हणून घरी मराठीत मोजणारं मूल इंग्रजी तासाला छत्तीस लिहून बसतं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर किती टिंगल झाली ते आठवत असेल. टिंगल करणाऱ्यांनी पहिलीचा वर्ग घेतला नव्हता, एवढंच म्हणते. तुमच्या शिक्षकांना हा घोळ माहीत असला पाहिजे, नाहीतर त्या मुलाला उगाच गणितात कच्चं ठरवलं जातं. पाढे मात्र सोडू नका. ‘आंतरराष्ट्रीय शाळेत पाढे नसतात’ ही अफवा आहे.

इतिहासावर जरा जास्त बोलायला हवं, कारण शाळा सगळ्यात जास्त तिथेच बिचकतात. राज्याच्या चौथीच्या मुलाला शिवाजी महाराजांचं चरित्र शिकायला मिळतं. आंतरराष्ट्रीय चौकटीत ते आपोआप येत नाही, आपण आणावं लागतं. आणावंच. पण आणताना पद्धत बदलते. आपल्याकडे इतिहास गोष्ट म्हणून येतो, तिथे पुरावा म्हणून येतो. आम्ही पाचवीला एक तास असा घेत होतो: १६६४ ची सुरतेची स्वारी. एकीकडे सभासदाची बखर, जी राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, म्हणजे घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी आणि आपल्या बाजूच्या माणसानं. दुसरीकडे सुरतेतल्या इंग्रज वखारीतल्यांनी त्याच सुमारास लिहिलेलं. मुलांना प्रश्न फक्त तीन: हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं, त्याला यातून काय हवं होतं. मुलांनी आपणहून काढलेला निष्कर्ष असा होता की वखारीतला माणूस त्या वेळी तिथे होता पण घाबरलेला होता, आणि सभासद घाबरलेला नव्हता पण त्या वेळी तिथे नव्हता. दहा वर्षांच्या मुलांकडून याहून जास्त काय हवं? पालकांमधून कोणी तक्रार करेल म्हणून आमची एक शिक्षिका हा तास घ्यायला तयार नव्हती. तिची भीती खोटी नव्हती. आम्ही तास घेण्याआधी पालकांना बोलावून तोच तास त्यांच्यावर घेतला. तक्रार आली नाही. उलट एक आजोबा मोडी वाचायला शिकवतो म्हणाले.

आता भाषा. आपल्या राज्यात २०२० पासून कायदाच आहे: शाळा कोणत्याही मंडळाची असो, मराठी शिकवावंच लागतं. पहिली आणि सहावीपासून सुरुवात होऊन ते पुढे वर चढत गेलं. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पीवायपीमध्येही सातव्या वर्षापासून मुलाला एकाहून अधिक भाषा शिकता आल्या पाहिजेत, अशी अट आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी मराठीला जागा आहे. तरीही प्रत्यक्षात मराठीच्या बाई कुठे असतात? गुढीपाडव्याचा फलक रंगवत. नियोजनाच्या बैठकीला त्यांना बोलावत नाहीत, कारण बैठक इंग्रजीत चालते. ही एक गोष्ट बदलली तरी तुमचं निम्मं काम होईल. पुराच्या युनिटमध्ये आजी-आजोबांच्या मुलाखती मराठीत होणार. प्रश्नावली मराठीच्या तासाला तयार होणार. ऐकलेलं लिहून काढणं, त्यातलं महत्त्वाचं निवडणं, हेही तिथेच. मग इंग्रजीच्या तासाला त्याचा गोषवारा. मूल विचार एकदाच करतं आणि दोन भाषांत वापरतं. पुण्यात आम्ही हे १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरावर केलं. जी मुलं इंग्रजी तासाला तोंड उघडत नव्हती, त्यांच्याकडे सगळ्यात चांगल्या मुलाखती होत्या.

आयबीच्या चौकटीत मुलानं कसं घडावं याचे दहा गुण दिलेले आहेत. आमच्या शाळेत पालकांसाठी त्यांचं मराठी करायचं ठरलं. एका गुणाचं भाषांतर झालं ‘धोका पत्करणारा’. भिंतीवर लागल्यावर एक रिक्षावाले काका म्हणाले, “बाई, हे आमच्या पोराला शिकवू नका, तो आधीच सिग्नल तोडतो.” दुसऱ्या दिवशी ‘धीट’ केलं. ‘तत्त्वनिष्ठ’ काढून ‘शब्दाला जागणारा’ लिहिलं. गंमत बाजूला ठेवली तर हा एक चांगला व्यायाम आहे. जी कल्पना पालकांना कळेल अशा मराठीत सांगता येत नाही, ती शिक्षकांनाही अजून कळलेली नाही असं समजायचं.

शिक्षकांचं काय? तुमचे शिक्षक वाईट नाहीत, त्यांना वेगळी सवय आहे. त्यांना रोजचं टाचण लिहिता येतं: तास, घटक, उद्दिष्ट, कृती, स्वाध्याय. नव्या पद्धतीत सहा आठवड्यांचा एक आराखडा लागतो आणि तो एकट्यानं लिहून चालत नाही, त्या इयत्तेच्या सगळ्यांनी मिळून लिहायचा. संस्थाचालक प्रशिक्षणावर खर्च करायला तयार असतात, वेळेवर नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेहून शिक्षक उत्साहानं परत येतो आणि सोमवारी त्याला सलग सात तास असतात. वेळापत्रकात आठवड्याला दीड तास सगळ्यांचा एकत्र मोकळा ठेवा. त्या वेळात कुणालाही बदली तासावर पाठवू नका. हे झालं नाही तर बाकीचं काही होत नाही, हे मी अगदी निक्षून सांगते. आणि प्रशिक्षित शिक्षक दोन वर्षांत मोठ्या शहरातल्या शाळेत जाणार, हे गृहीत धरा. म्हणून आराखडे शिक्षकाच्या लॅपटॉपमध्ये न राहता शाळेत राहतील, असं बघा.

परीक्षेबद्दल. आपल्या प्रश्नपत्रिकेत ‘कारणे द्या’, ‘टिपा लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’ असतं. तिकडे वर्णन करा, स्पष्ट करा, मूल्यमापन करा. वरवर सारखंच. पण आपल्या ‘कारणे द्या’चं उत्तर गाईडमध्ये छापलेलं असतं आणि मुलाला ते माहीत असतं. सगळी प्रश्नपत्रिका बदलायला लगेच जाऊ नका. ‘कारणे द्या’च्या खाली एक ओळ वाढवा: यातलं सगळ्यात महत्त्वाचं कारण कोणतं, आणि तुला तसं का वाटतं? सुरुवातीला निम्मा वर्ग ती ओळ कोरी सोडेल. गुण देताना दुसऱ्या अर्ध्याला गुण ठेवा, म्हणजे शिक्षकही त्याकडे बघतील. पाचवीच्या शेवटी पीवायपीत जे प्रदर्शन असतं, त्यात मूल स्वतःचा प्रश्न घेऊन काही आठवडे काम करतं. आपल्याकडे ते पालकांचं प्रदर्शन होतं. आम्ही नियम केला: सगळं काम शाळेत, घरून फक्त माणसांच्या मुलाखती. मांडणी ओबडधोबड झाली, पण मुलांना उभं राहून बोलता आलं.

संस्थाचालक तुम्हाला दहावीचं विचारतील, म्हणून थोडं त्याविषयी. केम्ब्रिजची दहावी म्हणजे आयजीसीएसई. मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो आणि तोवर आपली अकरावी सुरू झालेली असते. म्हणून भारतातल्या बहुतेक शाळा फेब्रुवारी-मार्चची परीक्षा घेतात, तिचा निकाल मेमध्ये येतो. आयबीच्या बारावीचा निकाल जुलैच्या सुरुवातीला. समकक्षतेचे नियम असतात, ते त्या त्या वर्षी तपासावे लागतात, आणि नीट किंवा सीईटी देणाऱ्या मुलाला वेगळी तयारी लागते. तालुक्याच्या गावात, जिथे ऐंशी टक्के पालकांच्या डोळ्यासमोर अभियांत्रिकी आणि वैद्यकीयच असतं, तिथे आठवीपासून राज्य मंडळ किंवा सीबीएसई ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. पाचवीपर्यंत या पद्धतीनं शिकलेलं मूल सहावीत पुस्तकाकडे गेलं तर बिघडत नाही. पहिले तीन महिने ते फार प्रश्न विचारतं, अशी तक्रार मात्र येते.

आणि मूळ प्रश्न: मान्यता घ्यायचीच का? ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाला आपल्याकडे फार वजन आहे. २०१८ मध्ये राज्यानं स्वतःचं महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं, पहिल्या टप्प्यात जिल्हा परिषदेच्या तेरा शाळा घेतल्या, मराठीतून शिकवायचं ठरवलं. कल्पना मला मनापासून आवडली होती. काही वर्षांतच सरकार बदललं आणि मंडळ गेलं. मुंबई महापालिकेनं २०२२ मध्ये वेगळा रस्ता धरला आणि थेट केम्ब्रिज आणि आयबीशी करार करून माटुंग्याला आणि विलेपार्ल्याला फी न घेता अशा शाळा सुरू केल्या. महापालिकेच्या मागे महापालिकेची तिजोरी आहे. तुमच्या मागे पालकांची फी आहे, आणि मान्यतेची वार्षिक रक्कम परकीय चलनात जाते, म्हणजे रुपया घसरला की तुमचा खर्च वाढतो. आयबीचा अर्ज केल्यापासून मान्यतेपर्यंत साधारण दोन वर्षं जातात, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी. त्यांचं नाव आणि बोधचिन्ह मान्यतेशिवाय वापरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण शिक्षकांनी एकत्र बसून गावातलं युनिट लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

मी तुमच्या जागी असते तर या वर्षी अर्ज भरला नसता. एकच इयत्ता घेतली असती, पाचवी. एकच युनिट, सहा आठवडे, पुराचं. वर्गशिक्षिका, गणिताचे सर आणि मराठीच्या बाई, तिघांना शनिवारचा दीड तास मोकळा करून दिला असता आणि स्वतः त्या बैठकीला गेले असते, फक्त ऐकायला. दिवाळीच्या सुट्टीआधी संस्थाचालकांना वर्गात बोलावून मुलांना बोलू दिलं असतं, भाषण न करता. दिवाळीनंतरही ते तिघं शनिवारी एकत्र बसत असतील, तर केम्ब्रिज की आयबी हा प्रश्न मला पुन्हा विचारा, तेव्हा सविस्तर बोलू.

तूर्त जूनच्या पहिल्या आठवड्यात पाचवीच्या भिंतीवर आलेखाचा मोठा कागद लावून ठेवा. उभ्या रेषेवर फूट, साठपर्यंत. चाळीस आणि पंचेचाळीसवर मुलांकडूनच रंगीत रेघा मारून घ्या.